टिन कुठनं येतंय? कोल्हापूरच्या फाउंड्री आणि मशीन शॉपवाल्यांसाठी कॉन्फ्लिक्ट मिनरल्सचं काम, पहिल्यापासनं शेवटपर्यंत

डिसेंबर-जानेवारी आला की शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल फाइव्ह स्टार, कुठल्याही एक्स्पोर्टवाल्या युनिटमध्ये एक मेल येतोच, कस्टमरचा किंवा कस्टमरनं नेमलेल्या पोर्टलचा, की तुमचा नवीन सीएमआरटी (मालात टिन, सोनं असले चार धातू आहेत का आणि ते कुठनं आले ते सांगायचा एक्सेल फॉर्म) भरून पाठवा. मालक तो परचेसला पाठवतो, परचेसवाला क्वालिटीला, आणि क्वालिटीतला पोरगा एक्सेल उघडून सगळीकडं 'नो' करून दहा मिनिटात परत पाठवतो. मी पण पहिल्या वर्षी हेच केलं होतं, आम्ही लोखंड ओततो, सोन्याचा आणि आमचा काय संबंध असं वाटलं होतं. दोन आठवड्यांनी कस्टमरच्या माणसाचा मेल आला, त्यानं आमच्याच पीपीएपीमधला (पार्ट मंजूर करून घ्यायला कस्टमरला देतो त्या कागदपत्रांतला) स्पेक्ट्रो रिपोर्ट, म्हणजे धातूत काय किती टक्के आहे त्याचा रिपोर्ट, जोडला होता आणि एका आकड्याला लाल गोल केला होता: एसएन (म्हणजे टिन) 0.065 टक्के. खाली एकच ओळ, हे टिन कुठनं आलं ते सांगा. म्हणजे सही करून दिलेलं डिक्लेरेशन खोटं होतं, मुद्दाम नाही पण खोटंच, आणि त्यावर कंपनीच्या डायरेक्टर साहेबांचं नाव होतं.

त्यानंतर गेली काही वर्षं हे काम मीच बघतोय, चुकत चुकत शिकलोय. कोल्हापुरात मराठीत कुणी हे नीट सांगत नाही, कन्सल्टंट लोक फॉर्म भरून देण्याचे पैसे घेतात पण आतलं समजावत नाहीत, म्हणून जेवढं कळलंय तेवढं सगळं इथं लिहितो. लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी हे नेमकं आहे काय

चार धातू आहेत. टिन म्हणजे आपलं कथील, टॅंटलम, टंगस्टन आणि सोनं. इंग्रजी अक्षरांवरनं ह्यांना 'थ्री टीजी' म्हणतात, कस्टमरच्या मेलमध्ये हाच शब्द असतोय. कथील आपल्या घरात पूर्वीपासनं आहे, पितळेच्या भांड्याला कल्हई करायचे तेव्हा तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकून जी पांढरी कांडी फिरवायचे ती कथलाचीच. टॅंटलम कोल्टन नावाच्या खनिजातनं निघतो आणि मोबाइल, कंट्रोल कार्डच्या कपॅसिटरमध्ये जातो. टंगस्टन म्हणजे आपल्या सीएनसीच्या इन्सर्टचा कार्बाइड.

ह्या चारांचं खनिज आफ्रिकेतल्या काँगोच्या पूर्व भागात, नॉर्थ किवू आणि साउथ किवू प्रांतात, बऱ्याच ठिकाणी हातानं खणून काढतात. फावडं, पहार आणि पाठीवर पोतं. तिथं वर्षानुवर्षं बंदूकवाल्या टोळ्या खाणी ताब्यात घेतात, रस्त्यावर नाके लावतात, पोत्यामागं वसुली करतात आणि त्या पैशातनं शस्त्रं घेतात. जुनी गोष्ट समजू नका. रुबाया नावाचं कोल्टनच्या खाणींचं गाव एप्रिल 2024 च्या शेवटी एम 23 ह्या बंडखोर गटानं घेतलं, आणि नुसत्या तिथल्या वसुलीतनं त्यांना महिन्याला अंदाजे 8 लाख डॉलर मिळतात असं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ गटानं त्याच वर्षाच्या अहवालात लिहिलंय. त्याच भागात बुकावूला डॉक्टर डेनिस मुकवेगे ह्यांचं पान्झी हॉस्पिटल आहे, ह्या लढायांमध्ये ज्या बायकांवर अत्याचार होतात त्यांच्यावर ते उपचार करतात, 2018 चं शांततेचं नोबेल त्यांना आणि नादिया मुराद ह्यांना मिळालं. हे मी एवढ्यासाठी सांगतोय की एक्सेल भरताना आपल्याला नुसते पिवळे रकाने दिसतात, पण त्या रकान्याच्या दुसऱ्या टोकाला ही माणसं आहेत.

अमेरिकेनं 2010 मध्ये डॉड-फ्रँक कायदा केला, त्याचं कलम 1502 ह्याच विषयाचं आहे. तिथल्या शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपनीच्या मालात हे चार धातू मुद्दाम वापरलेले असतील तर ते काँगो किंवा त्याच्या शेजारच्या नऊ देशांतनं आलेत का ते तपासायचं आणि दरवर्षी 31 मे पर्यंत आदल्या कॅलेंडर वर्षाचा रिपोर्ट सरकारला द्यायचा. शेजारचे नऊ म्हणजे अंगोला, बुरुंडी, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक, काँगो प्रजासत्ताक (हा वेगळा देश आहे, नाव सारखं आहे म्हणून घोळ होतो), रवांडा, दक्षिण सुदान, टांझानिया, युगांडा आणि झांबिया. युरोपचा नियम 2017 चा, 1 जानेवारी 2021 पासनं लागू झाला, पण तो कच्चं खनिज आणि धातू आयात करणाऱ्यांना लागतो, आपल्या तयार कास्टिंगला थेट लागत नाही. तरी युरोपचे कस्टमर विचारतातच.

कायदा आपल्याला लागत नाही, कस्टमरला लागतोय, पण कस्टमरला उत्तर पाहिजे तर त्याला साखळीत खाली खाली विचारत यायला लागतंय आणि त्या साखळीत आपण आहोत. म्हणून मेल.

पहिलं काम: स्वतःच्या भट्टीवर जाऊन उभं राहा

कॉम्प्युटरवर बसून हे काम होत नाही. वही घ्या आणि मेल्टिंगला जा.

ग्रे आयर्न असो की एसजी (डक्टाइल) आयर्न, मटेरियलला पर्लाइट (लोखंडाला ताकद देणारी आतली रचना) पाहिजे असेल, म्हणजे 600/3, 700/2 असले ग्रेड किंवा जाड सेक्शनचं ग्रे आयर्न, तर बरेच लोक कॉपरबरोबर थोडं टिन टाकतात. साधारण 0.05 ते 0.1 टक्का, जास्त झालं तर कास्टिंग ठिसूळ होतं. आमच्याकडं मेल्टरजवळ एक छोटा वजनकाटा आहे, 500 किलोच्या लॅडलला (वितळलेला धातू न्यायचं भांडं) 250 ग्रॅम टिनचे तुकडे कागदावर मोजून ठेवतात आणि टॅपिंगच्या, म्हणजे भट्टीतनं लॅडलमध्ये पडणाऱ्या, धारेत टाकतात. एवढीशी पुडी, त्यामुळं कुणाच्या डोक्यातच येत नाही की हे टिन आहे आणि ह्याला नियम लागतोय. पण हिशोब करा, महिन्याला असलं 200 टन मेटल ओतलं तर 100 किलो टिन झालं. आणि अमेरिकेच्या नियमात 'इतक्या टक्क्याच्या खाली माफ' असली काही सवलत नाही. मुद्दाम टाकलं आणि मालात राहिलं, की मोजायचं, मग ते 0.05 टक्का का असेना.

मेल्टिंग मिस्त्रींना विचारा, "मिस्त्री, लॅडलला काय काय टाकता?" सगळं लिहून घ्या, फेरोसिलिकॉन, मॅग्नेशियम, इनॉक्युलंट, कॉपर, टिन. काही अलॉय तयार मिक्स येतात, त्याची पिशवी बघा, टेस्ट सर्टिफिकेट मागवा, त्यात टिन असू शकतंय.

नंतर मशीन शॉप आणि असेंब्ली. इथं बीओपी बघायचे, म्हणजे आपण बाहेरनं घेऊन लावतो ते पार्ट:

- गनमेटल, फॉस्फर ब्राँझच्या बुशी. नेहमीच्या गनमेटलमध्ये 88 कॉपर, 10 टिन, 2 झिंक, म्हणजे दहा टक्के टिन. पंप, व्हॉल्व्हवाल्यांनी इथं जास्त लक्ष द्यावं.
- व्हाइट मेटलचे बेअरिंग, त्यात टिन मुख्यच असू शकतंय.
- टिन प्लेटिंग केलेले टर्मिनल, लग, फास्टनर.
- सेन्सर, स्विच, कंट्रोल कार्ड, वायरिंग हार्नेस. सोल्डरमध्ये टिन (नेहमीच्या लेड-फ्री सोल्डरमध्ये तर 95 टक्क्यांच्या वर टिनच असतंय), कनेक्टरच्या पिनवर सोन्याचं प्लेटिंग, कार्डावर टॅंटलम कपॅसिटर. एका साध्या कार्डात तीन धातू निघतात.
- हायस्पीड स्टीलचा एखादा पार्ट प्रॉडक्टमध्येच जात असेल तर त्यात टंगस्टन असू शकतो, एम 2 ग्रेडमध्ये साधारण 6 टक्के.

बीओएम, म्हणजे प्रॉडक्टमधल्या सगळ्या पार्ट-मटेरियलची यादी, काढून प्रत्येक ओळीपुढं टिन, टॅंटलम, टंगस्टन, सोनं असे चार रकाने करा आणि हो, नाही, माहीत नाही असं लिहा. सुरुवातीला 'माहीत नाही' जास्त येणार, येऊ दे. ऑटोवाल्यांकडं आयएमडीएसचा (पार्टमध्ये कुठलं मटेरियल किती ते नोंदवायची ऑटो उद्योगाची ऑनलाइन यंत्रणा) डेटा असतोय, तो इथं फार कामाला येतो, अर्धी उत्तरं त्यातच मिळतात.

काय मोजायचं नाही

हे नीट समजून घ्या, इथं लोक उगाच घाबरतात. सीएनसीचा कार्बाइड इन्सर्ट, एंडमिल, टिग वेल्डिंगचा टंगस्टन इलेक्ट्रोड ही आपली हत्यारं आहेत, प्रॉडक्टमध्ये जात नाहीत, मोजायची नाहीत. स्क्रॅपमधनं आपोआप आलेलं टिन पण मोजायचं नाही. आपण सीआरसी (कोल्ड रोल्ड पत्र्याचं) स्क्रॅप भट्टीत चार्ज करतो, त्यात थोडं टिन येतं, स्पेक्ट्रोला 0.01 असं काहीतरी दिसतं, ती इम्प्युरिटी आहे, आपण मुद्दाम टाकलेली नाही. पण मग कस्टमरनं विचारलं तर दाखवता आलं पाहिजे, म्हणून ज्या ग्रेडला टिन टाकत नाही त्याचं चार्ज शीट जपून ठेवा.

चांदी ह्या यादीत नाही, त्यामुळं हुपरीच्या चांदीवाल्यांना हा फॉर्म लागत नाही. सोन्याचे दागिने किंवा सोन्याचं प्लेटिंग एक्स्पोर्ट करणाऱ्यांना मात्र विचारतात.

टिनवाल्याला फोन

सगळ्यात अवघड आणि सगळ्यात महत्त्वाचं काम हे आहे. पहिल्यांदा मी आमच्या टिनवाल्या ट्रेडरला फोन केला तेव्हाचं बोलणं असं झालं:

"शेठ, तुमचं टिन कुठनं येतंय?"
"मुंबईसनं."
"मुंबईला कुठनं?"
"आता ते मला काय माहीत साहेब, इम्पोर्टेड असतंय. माल चांगला आहे की, कंप्लेंट आहे का काय?"

शेठ खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच माहीत नव्हतं, कुणी कधी विचारलंच नव्हतं. मग मी दुकानात गेलो, उद्यमनगरात. मागं गोडाऊनमध्ये टिनचे इनगॉट रचून ठेवले होते, त्यातला एक पुसून बघितला तर वर ब्रँडचं नाव ठसठशीत उठलेलं होतं. तोच ब्रँड म्हणजे उत्तर. शेठ तो इनगॉट वितळवून पातळ कांड्या ओतून आम्हाला देतात, त्यात ठसा जातो आणि आमच्यापर्यंत नुसती पांढरी कांडी येते.

तेव्हापासनं आमचा नियम असा आहे की कांडी करायच्या आधी इनगॉटचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा, ब्रँड आणि लॉट नंबर दिसला पाहिजे, आणि बिलावर ब्रँड लिहायचा. शेठनी सुरुवातीला कुरकूर केली, आता त्यांचा पोरगा न सांगता पाठवतोय, कारण बाकीचे गिऱ्हाईक पण मागायला लागलेत.

विचारताना 'टिन कुठल्या देशाचं' एवढंच विचारू नका, 'कुठल्या स्मेल्टरचं' विचारा. स्मेल्टर म्हणजे जिथं खनिजापासनं धातू बनतो तो कारखाना. खाणी असंख्य आहेत, आपल्यासारखे वापरणारे त्याहून जास्त आहेत, पण मधले स्मेल्टर मोजके आहेत, सगळा माल त्या अरुंद गळ्यातनं जातो, म्हणून तपासणी तिथं होते. टिनमध्ये इंडोनेशियाची पीटी तिमाह, मलेशिया स्मेल्टिंग कॉर्पोरेशन, पेरूची मिन्सूर, चीनची युनान टिन, थायलंडची थायसार्को अशी नावं दिसतील.

इथं एक चूक फार कॉमन आहे. बुशीवाला किंवा अलॉयवाला फॉर्ममध्ये स्मेल्टर म्हणून स्वतःच्याच फाउंड्रीचं नाव लिहून देतो, कारण तो पण धातू वितळवतोच की. पण वितळवणारा म्हणजे स्मेल्टर नव्हे. आपण, बुशीवाला, ट्रेडर, डाय कास्टिंगवाला, कुणीच स्मेल्टर नाही. असं नाव आलं की फॉर्म परत पाठवा आणि फोनवर समजावून सांगा, मेलवर समजत नाही.

गनमेटलचा वेगळा घोळ

बुशीवाले म्हणतात आमचं सगळं स्क्रॅपमधनं, जुने व्हॉल्व्ह, जुन्या बुशी, टर्निंग. फॉर्ममध्ये एक प्रश्न आहे की शंभर टक्के रिसायकल आहे का, तिथं हो म्हणून मोकळे होतात. मी एकदा आमच्या बुशीवाल्याकडं भट्टीजवळ तासभर थांबलो. स्क्रॅप वितळलं, सॅम्पल घेतला, टिन साडेआठ टक्के आलं, दहा पाहिजे, मग त्यानं कोपऱ्यातनं नव्या टिनची कांडी काढून टाकली. त्याच्या दृष्टीनं ते नुसतं करेक्शन होतं. पण ते टिन कुठलं आहे ते आता शोधायला लागणार, आणि शंभर टक्के हे उत्तर चुकलं. म्हणून स्क्रॅपवाल्याला दुसरा प्रश्न हमखास विचारा, की कमी पडलं तर काय टाकता? त्याच्याकडनं दोन ओळी लेटरहेडवर लिहून घ्या. आणि स्क्रॅपपासनं टिन परत काढणारे मोठे रिफायनर असतात त्यांचं नाव पण स्मेल्टर यादीत येतं, ते टाळायचं नाही.

सप्लायरला काय पाठवायचं

बीओपीच्या यादीत जिथं 'हो' किंवा 'माहीत नाही' आलंय त्या प्रत्येकाला कोरा सीएमआरटी पाठवा. हा फॉर्म आरएमआयचा, म्हणजे रिस्पॉन्सिबल मिनरल्स इनिशिएटिव्हचा, 2008 पासनंची संस्था आहे, त्यांच्या वेबसाइटवर फुकट मिळतो. कुणी फॉर्मचेच पैसे मागत असेल तर देऊ नका. नवीन व्हर्जन अधनंमधनं निघतं, कस्टमर कुठलं मागतोय ते बघूनच सप्लायरला पाठवा, नाहीतर सगळं परत करायला लागतंय.

फॉर्ममध्ये भाषा बदलायची सोय आहे पण मराठी-हिंदी नाही. म्हणून बारक्या सप्लायरला नुसता फॉर्म पाठवून उपयोग नाही, त्याला असा मेसेज टाका:

"नमस्कार. आमच्या एक्स्पोर्ट कस्टमरला टिन, टॅंटलम, टंगस्टन, सोनं ह्या धातूंची माहिती द्यायची आहे. तुमच्या अमुक पार्टमध्ये ह्यातलं काय आहे, किती टक्के आहे, आणि तो धातू कुठल्या स्मेल्टरचा किंवा ब्रँडचा आहे ते कळवा. माहीत नसेल तर तुम्ही कुणाकडनं घेता त्याचं नाव कळवा, आम्ही बोलतो. माहिती नसली म्हणून तुमची ऑर्डर बंद होणार नाही. अमुक तारखेपर्यंत पाठवा."

शेवटनं दुसरं वाक्य फार महत्त्वाचं आहे. ते नसलं तर सप्लायर घाबरून 'काही नाही' लिहून देतो आणि आपल्याला खोटी माहिती मिळते.

काहीजण लेटरहेडवर 'आमचा माल कॉन्फ्लिक्ट फ्री आहे' असं सर्टिफिकेट सही-शिक्क्यासह देतात. स्मेल्टरची यादी नसेल तर त्याला अर्थ नाही, घेऊन फाइलला लावा पण यादी मागत राहा. सेन्सर, हार्नेसच्या मोठ्या कंपन्यांचे फॉर्म त्यांच्या वेबसाइटवरच असतात, तिथं वेळ घालवू नका, डाउनलोड करा.

आता फॉर्म

उघडल्यावर डिक्लेरेशन शीट. सर्वात वर स्कोप विचारतात, पूर्ण कंपनीसाठी की ठराविक प्रॉडक्टसाठी. एकाच कस्टमरचे दोन-चार पार्ट असतील तर प्रॉडक्ट लेव्हल घ्या, उत्तर नेमकं येतं. कंपनी लेव्हल घेतलं तर तुमच्या सगळ्या सप्लायरचे सगळे स्मेल्टर लिहायला लागतात.

पहिले दोन प्रश्न, मुद्दाम वापरलंय का आणि मालात राहतंय का, प्रत्येक धातूला वेगळं. आमच्यासारख्या टिनवाल्या ग्रेडला टिनपुढं दोन्ही 'येस', बाकी तिन्हीला 'नो' (असेंब्ली नसेल तर). 'नो' केलेल्या धातूचे पुढचे प्रश्न बंद होतात, म्हणूनच सगळ्यांना 'नो' करायचा मोह होतो. तिसरा, स्मेल्टर काँगो आणि त्या नऊ देशांतनं माल घेतात का. चौथा, दुसऱ्या कुठल्या संघर्षग्रस्त, धोक्याच्या भागातनं घेतात का. इथं 'अननोन' असा पर्याय आहे आणि बऱ्याच वेळा तेच खरं उत्तर असतं. मला कळकळीनं सांगायचंय, 'अननोन' लिहायला लाजू नका. कस्टमरला माहीत आहे की कोल्हापूरच्या फाउंड्रीला इंडोनेशियाच्या समुद्रातलं टिन कुठल्या बोटीनं काढलं ते माहीत नसणार. तो बघतो की तुम्ही विचारलं का. पाचवा रिसायकलचा, तो वर झाला. सहावा, किती टक्के सप्लायरनी उत्तर दिलं, खरा आकडा टाका. सातवा, सगळे स्मेल्टर सापडले का, आणि आठवा, मिळालेली सगळी नावं खाली लिहिली का. सातव्याला 'नो' चालतंय, आठव्याला 'येस' यायलाच पाहिजे, कारण मिळालेलं नाव लपवणं ही वेगळी गोष्ट झाली.

त्याखाली ए ते एच असे कंपनीबद्दलचे प्रश्न, पॉलिसी आहे का, वेबसाइटवर आहे का, सप्लायरना विचारता का वगैरे. एच म्हणजे तुम्हाला स्वतःला सरकारकडं वार्षिक रिपोर्ट द्यायला लागतो का, आपल्याकडच्या बहुतेकांना 'नो'.

मग स्मेल्टर लिस्टची शीट. प्रत्येक स्मेल्टरला सीआयडीनं सुरू होणारा नंबर आहे. नाव टाइप करू नका, नंबर टाका, बाकीचे रकाने आपोआप भरतात. नावांमध्ये एवढं साम्य आहे की टाइप करून चूक होणारच. यादीत नसलेलं नाव असेल तर 'नॉट लिस्टेड' निवडून पत्ता वगैरे भरायचा, आणि अजून सापडलाच नसेल तर 'नॉट यट आयडेंटिफाइड' असा पर्याय आहे. शेवटी चेकर शीट उघडा, लाल दिसतंय ते भरा. पण चेकर हिरवा म्हणजे उत्तर बरोबर असं नाही, रकाना रिकामा नाही एवढंच तो बघतो.

स्मेल्टर तपासणं

आरएमआयच्या वेबसाइटवर ऑडिट झालेल्या स्मेल्टरच्या याद्या सगळ्यांना बघता येतात. 'कन्फॉर्मंट' म्हणजे ऑडिट होऊन निकषात बसलेला, 'ॲक्टिव्ह' म्हणजे ऑडिटच्या प्रक्रियेत असलेला. आपल्या प्रत्येक सीआयडीपुढं आजचं स्टेटस आणि तारीख लिहा. फॉर्मच्या आतल्या यादीवर विसंबू नका, ती व्हर्जन निघालं त्या दिवसाची असते, वेबसाइटवरची बदलत राहते.

सोन्यात जास्त सावध राहायला लागतं, कारण तिथं निर्बंधांचा प्रश्न येतो. युगांडातल्या एन्टेबेच्या आफ्रिकन गोल्ड रिफायनरीवर अमेरिकेनं मार्च 2022 मध्ये निर्बंध लावले, त्याच महिन्यात लंडनच्या एलबीएमए ह्या सोन्या-चांदीच्या बाजाराच्या संस्थेनं रशियाच्या सहा रिफायनरींना मान्यतेच्या यादीतनं निलंबित केलं. जुना फॉर्म कॉपी-पेस्ट करणाऱ्यांकडनं असली नावं तशीच पुढं जातात आणि कस्टमरचं पोर्टल लगेच लाल होतं.

नाव यादीत नसलं तर

लगेच सप्लायर तोडायचा नाही. ओईसीडी ह्या आंतरराष्ट्रीय आर्थिक संघटनेचं जे मार्गदर्शन आहे (पहिलं 2011 चं, तिसरी आवृत्ती 2016 ची, सगळं जग ह्यावरच चालतंय) त्यात तीन वाटा दिल्यात: सुधारणा करत व्यवहार चालू ठेवणं, सुधारणा होईपर्यंत थांबवणं, किंवा पूर्ण बंद करणं. बंदूकवाल्यांना पैसा जातोय किंवा जबरदस्तीची मजुरी, मुलांना राबवणं असला ठोस धोका दिसला तर थांबायचंच, तिथं चर्चा नाही. पण नुसतं ऑडिट झालेलं नाही एवढंच असेल तर सप्लायरला पत्र द्या, सहा महिन्यांची मुदत द्या, दुसरा ब्रँड सुचवा. आम्ही एका अलॉयवाल्याला असंच सांगितलं, त्यानं पुढच्या लॉटपासनं ब्रँड बदलला, किलोमागं थोडा फरक पडला तो आम्ही उचलला.

आणि 'काँगोचं नकोच' असं सरसकट पण लिहू नका. 2010 नंतर बऱ्याच कंपन्यांनी तेच केलं, त्या भागातनं खरेदीच बंद केली, आणि टोळीशी संबंध नसलेल्या, हातानं खणून पोट भरणाऱ्या साध्या लोकांचा रोजगार गेला. नॉर्थ किवूमध्येच वालिकालेजवळ बिसीला अल्फामिन कंपनीची टिनची मोठी यांत्रिक खाण आहे. मार्च 2025 मध्ये एम 23 जवळ आल्यावर त्यांनी काम थांबवून माणसं हलवली आणि एप्रिलमध्ये टप्प्याटप्प्यानं परत सुरू केलं. म्हणजे देश एकच, पण खाणीखाणीत फरक आहे. आपण देश बघून नाही, स्मेल्टरची तपासणी बघून ठरवायचं.

पॉलिसी आणि फाइल

पॉलिसी एक पानाची पुरे. दुसऱ्याची कॉपी करू नका, त्यात कधीकधी दुसऱ्याच कंपनीचं नाव राहून जातं. आपण कुठले धातू वापरतो, सप्लायरकडनं काय माहिती मागतो, कशाला अजिबात थारा देणार नाही (सशस्त्र टोळ्यांना पैसा, जबरदस्तीची मजुरी, बालमजुरीचे वाईट प्रकार, छळ, लाच), तक्रार कुणाकडं करायची, जबाबदार माणूस कोण, आणि खाली मालकांची सही. मराठीत पण करा आणि परचेसच्या टेबलामागं लावा, कारण वापरणारे ते आहेत.

फाइलमध्ये बीओएमची चार रकान्यांची यादी, सप्लायरचे फॉर्म, इनगॉटचे फोटो, बिलं, फोनची नोंद (तारीख, कुणाशी, काय बोलणं), स्मेल्टर स्टेटसचा स्क्रीनशॉट. कमीत कमी पाच वर्षं ठेवा.

आता कोबाल्ट आणि मायकासाठी ईएमआरटी नावाचा दुसरा फॉर्म पण यायला लागलाय, नव्या व्हर्जनमध्ये कॉपर, निकेल, लिथियम, ग्रॅफाइट पण घेतलेत. मायका पेंटमध्ये असतो, आणि त्याच्या मुलांच्या मजुरीचा प्रश्न आपल्याच देशात, झारखंडच्या कोडरमा-गिरिडीह पट्ट्यात आहे, त्यामुळं आपल्या पेंटवाल्याला आत्तापासनंच विचारून ठेवा.

वेळ कशी लावायची

मेल यायची वाट बघू नका. आमच्याकडं दिवाळी झाली की बीओएमची यादी नवी करतो, नोव्हेंबरात सप्लायरना मेसेज, डिसेंबरभर पाठपुरावा, जानेवारीत स्मेल्टर तपासून फॉर्म तयार. परचेस ऑर्डरच्या अटींमध्ये एक ओळ टाकून ठेवलीय की टिन आणि टिनच्या अलॉयचा ब्रँड बिलावर लिहायचा आणि बदलायच्या आधी कळवायचं. मेल्टिंगला वजनकाट्याशेजारी एक रजिस्टर लटकवलंय, टिनची नवी पेटी उघडली की मिस्त्री त्यात तारीख, ब्रँड, लॉट नंबर लिहितात आणि त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकतात.